कॉलबॅक कोण बोलावतं, कधी, आणि हातात काय धरून

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पायथन लायब्ररीत कामं समांतर चालवण्याची सोय आहे. वापरणारा एक जनरेटर (मागेल तसं एकेक काम पुढे करणारा कोड) देतो, लायब्ररी त्यातून कामं उचलते आणि वाटते. थ्रेड (एकाच प्रोग्रॅमच्या आत सोबत चालणाऱ्या वाटा) हवे असतील तर आत थ्रेडपूल-एक्झिक्यूटर आहे, प्रोसेस (वेगवेगळे चालणारे प्रोग्रॅम) हव्या असतील तर मल्टिप्रोसेसिंगचा पूल. काम संपलं की लायब्ररीचा कॉलबॅक (आपोआप बोलावलं जाणारं फंक्शन) चालतो आणि तो तीन गोष्टी करतो: मोजणी एकाने वाढवतो, 'किती झालं' दाखवणारं वापरणाऱ्याचं फंक्शन बोलावतो आणि जनरेटरमधून पुढचं काम उचलून पाठवतो. तक्रारी अशा: थ्रेडवर चालवलं की शेवटी छापलेली मोजणी अधूनमधून कमी भरते, प्रोसेसवर मात्र बरोबर येते. दोन्हीकडे क्वचित 'जनरेटर आधीच चालू आहे' असा व्हॅल्यूएरर येतो. कधीतरी सगळंच गोठतं. सगळ्याभोवती एक लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावल्यावर जनरेटरचा एरर गेला, पण गोठणं वाढलं. मग साध्या लॉकच्या जागी आरलॉक (धरलेल्या थ्रेडलाच पुन्हा घेऊ देणारं लॉक) घातलं, तर गोठणं कमी झालं पण एखादं काम दोनदा जायला लागलं. 'माझं लॉक नेमकं कुठे चुकतंय?'

लॉक चुकलेलं नाही. ते धरून तुम्ही जे करताय ते चुकतंय. स्वतःचं लॉक हातात असताना परका कोड (वापरणाऱ्याचा किंवा दुसऱ्या लायब्ररीचा) बोलावायचा नाही, आणि कॉलबॅक कुठल्या थ्रेडवर चालेल या प्रश्नाला लायब्ररीकडे कायम एकच उत्तर असायला हवं. तुमच्या सगळ्या तक्रारींची मुळं या दोन गोष्टींत आहेत. एकेक घेऊ.

मोजणीपासून सुरुवात करतो, कारण तिथे बहुतेक जण चुकीच्या जागी शोधतात. एकाने वाढवणं म्हणजे वाचा, मिळवा, परत लिहा. दोन थ्रेडनी एकच जुना आकडा वाचला तर एक वाढ हरवते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून माणूस चाचणी लिहितो: चार थ्रेड, प्रत्येकात लाखभर वाढी. आणि उत्तर बरोबर येतं! याचं कारण असं की पायथन ३.१०पासून इंटरप्रिटर थ्रेड बदलायचा की नाही हे ठरावीक जागीच तपासतो, म्हणजे फंक्शन सुरू होताना, लूप मागे उडी घेताना वगैरे. साध्या वाढीच्या मधोमध तशी जागा सहसा येत नाही. ही त्या आवृत्तीतली योगायोगाची गोष्ट आहे, भाषेने दिलेली हमी नव्हे. २०२४मध्ये आलेल्या ३.१३मध्ये जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथन चालवू देणारं लॉक) नसलेली वेगळी बांधणी मिळते, तिच्यावर हाच कोड उघडा पडतो. तेव्हा मोजणीला छोटं लॉक हवंच.

पण तुमची मोजणी कमी भरण्याचं खरं कारण बहुधा हे नाही. थ्रेडवर कमी आणि प्रोसेसवर बरोबर, हा तुम्ही दिलेला तपशील फार मोलाचा आहे. थ्रेडपूल-एक्झिक्यूटर ज्यात आहे त्या कॉन्करंट-फ्यूचर्समधलं फ्यूचर (पुढे येणाऱ्या उत्तराची जागा धरणारी वस्तू) पूर्ण होतं तेव्हा आत घडतं ते असं: लॉक घेऊन स्थिती 'संपलं' होते, उत्तराची वाट पाहणाऱ्यांना उठवलं जातं, लॉक सुटतं, आणि त्यानंतर कॉलबॅक चालतात. म्हणजे मुख्य थ्रेड शेवटच्या फ्यूचरचं उत्तर घेऊन पुढे निघतो, मोजणी छापतो, आणि त्या फ्यूचरचा कॉलबॅक अजून चालायचाच असतो. मोजणी हरवलेली नसते, उशिरा आलेली असते. छापण्याआधी थोडं थांबून बघा, आकडा भरेल. (हे फक्त निदानासाठी. झोप घालून रेस (कोण आधी पोचतं यावर ठरणारी चूक) झाकणं हा उपाय नव्हे.)

मल्टिप्रोसेसिंगच्या पूलमध्ये क्रम बरोबर उलटा आहे. तिथे उत्तर आलं की आधी कॉलबॅक चालतो आणि मग वाट पाहणाऱ्यांना उठवतात. म्हणून प्रोसेसवर तुमची मोजणी पुरी भरते. एकाच भाषेच्या प्रमाणित लायब्ररीतले दोन भाग, आणि दोघांचे क्रम वेगळे. तुमच्या लायब्ररीने दोन्ही आत घेतले आणि क्रमाबद्दल स्वतःचं काही ठरवलंच नाही. त्यामुळे वापरणाऱ्याला नुसता बॅकएंड (आतून काम करणारा भाग) बदलला की वेगळं वागणं मिळतं.

पूलच्या क्रमाला स्वतःची एक किंमत आहे, आणि 'कधीतरी सगळंच गोठतं' याचं एक मूळ तिथे आहे. पूलचे सगळे कॉलबॅक मुख्य प्रोसेसमधल्या एकाच थ्रेडवर चालतात, जो उत्तरं गोळा करतो. कॉलबॅकमधून एक्सेप्शन बाहेर पडलं तर हा थ्रेडच मरतो. त्या कामाची वाट पाहणाऱ्याला उठवणं राहून जातं, आणि पुढची सगळी उत्तरं पाइपमध्ये पडून राहतात कारण ती उचलायला कोणी उरलेलं नाही. त्यातही एक्सेप्शन कीएरर असेल तर प्रकार आणखी फसवा होतो. तो थ्रेड कीएरर मुद्दाम गिळतो, कारण त्याच्या लेखी त्याचा अर्थ 'हे काम आता यादीत नाही' असा आहे. तुमच्या कॉलबॅकमधल्या डिक्शनरीत एक किल्ली सापडली नाही, तर थ्रेड जिवंत राहतो, बाकीची कामं पार पडतात, आणि ते एकच काम कायमचं अपुरं राहतं. कुठेही काही छापलं जात नाही. 'शेवटचं एक काम राहिलं आणि अडकलं' असं कोणी सांगितलं की मी आधी कॉलबॅकमधला कीएरर शोधतो.

फ्यूचरचं वागणं याबाबतीत सौम्य आहे. कॉलबॅकचं एक्सेप्शन पकडून लॉगमध्ये लिहितात आणि पुढचा कॉलबॅक चालवतात. तुमच्या लायब्ररीने हेच करावं, दोन्ही बॅकएंडवर. परक्याच्या चुकीने आपला थ्रेड मरता कामा नये. फक्त गिळून गप्प बसू नका. पहिलं एक्सेप्शन जपून ठेवा आणि 'सगळं संपेपर्यंत थांब' म्हणणाऱ्याच्या हातात ते द्या.

आता जनरेटर. पायथनचा जनरेटर एका वेळी एकाच थ्रेडवर पुढे सरकू शकतो. एक थ्रेड आत असताना दुसऱ्याने पुढचं मागितलं की तो व्हॅल्यूएरर येतो. थ्रेडपूलमध्ये कॉलबॅक ज्या त्या कामगार थ्रेडवर चालतात, म्हणून टक्कर उघड आहे. पूलमध्ये कॉलबॅक एकाच थ्रेडवर चालूनही एरर येतो, कारण सुरुवातीची कामं वाटणारा मुख्य थ्रेड जनरेटरमध्ये असतानाच पहिलं काम संपतं आणि उत्तरं गोळा करणारा थ्रेड त्याच जनरेटरला हात घालतो.

इथे लॉक लावणं योग्यच होतं. चुकलं ते एवढंच की तेच लॉक लायब्ररीच्या बाकीच्या अवस्थेचंही होतं. जनरेटरच्या आत वापरणाऱ्याचा कोड आहे. तो फाइल वाचेल, जाळ्यावरून काही आणेल, मिनिटभर अडकेल, किंवा तुमच्याच लायब्ररीला 'आतापर्यंत किती झालं?' असं विचारेल. म्हणजे जनरेटरकडे पुढचं मागणं हा सुद्धा कॉलबॅकच, फक्त त्याला कोणी तसं म्हणत नाही.

असे न दिसणारे कॉलबॅक लायब्ररीत बरेच असतात. वस्तूची तुलना, हॅश, पिकल करणं (पाठवण्यासाठी वस्तूचे बाइट बनवणं), वस्तू नष्ट होताना चालणारं फंक्शन, सगळे परके. शेवटचा तर कुठेही चालू शकतो, कारण कचरा गोळा करणारा (न लागणाऱ्या वस्तू काढून टाकणारा पायथनचा भाग) कधी जागा होईल हे तुमच्या हाती नाही. तुम्ही रांगेत काही घालताय, रांगेचं आतलं लॉक घेतलेलं आहे, तेवढ्यात कुठलीशी वस्तू नष्ट होते आणि तिचं फंक्शन त्याच रांगेत काहीतरी घालायला येतं. त्याच थ्रेडवर, तेच लॉक. झालं, गोठलं. याचसाठी पायथन ३.७मध्ये सिंपलक्यू आली. तिच्यात घालण्याची क्रिया मधेच पुन्हा सुरू झाली तरी चालते. कॉलबॅकशी संबंधित कुठल्याही रांगेसाठी मी तीच वापरतो.

यातला मला सगळ्यात महाग पडलेला छुपा कॉलबॅक म्हणजे वस्तूचं छापील रूप देणारं फंक्शन. एका ठिकाणी मी लिहिलेली अशीच वाटप-लायब्ररी रात्रीच्या मोठ्या कामात महिन्यातून एकदोनदा गोठायची. एकदा गोठलेली प्रोसेस तशीच ठेवून सगळ्या थ्रेडचे स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुठलं बोलावलं याच्या याद्या) काढले. बावीस थ्रेड होते, त्यातले वीस निवांत रांगेवर बसलेले. उरलेल्या दोघांचे स्टॅक कागदावर शेजारी शेजारी लिहून काढले. पहिला, खालून वर: काम संपलं, वाटपाचं लॉक घेतलं, लॉगमध्ये ओळ लिहायला गेला, लॉग-हँडलरच्या (ओळ प्रत्यक्ष लिहिणाऱ्या भागाच्या) लॉकवर थांबला. दुसरा: लॉगमध्ये 'काम सुरू झालं' अशी ओळ लिहायला गेला, लॉग-हँडलरचं लॉक घेतलं, ओळ तयार करताना कामाच्या वस्तूचं छापील रूप मागितलं, त्या फंक्शनने स्थिती वाचण्यासाठी वाटपाचं लॉक मागितलं, आणि तिथे थांबला. दोघांच्या हातात एकमेकांना हवं असलेलं लॉक. पायथनची लॉगिंग ओळीतली टक्केवाली जागा हँडलरचं लॉक घेतल्यानंतर भरते, हे मला तोवर माहीत नव्हतं. दोन्ही फंक्शनं वेगवेगळी वाचली तर दोन्ही निर्दोष दिसत होती. दुरुस्ती दोन ओळींची होती. छापील रूपातून लॉक काढून टाकलं, आणि लॉगची ओळ लॉक सोडल्यावर लिहिली.

अशी चूक चाचण्यांतून निसटते याचं नोंदलेलं उदाहरण आहे. बर्कली इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या टॉलेमी प्रकल्पाने २०००च्या सुमारास समांतर कोडसाठी कडक शिस्त आखली होती. कोडची तपासणी व्हायची, चाचण्या प्रत्येक ओळीवरून जायच्या. तरी २६ एप्रिल २००४ रोजी, चार वर्षं नीट चालल्यावर, तो कोड डेडलॉकमध्ये (लॉकसाठी एकमेकांची वाट पाहत) अडकला. एडवर्ड ली यांनी २००६च्या लेखात हे सांगितलं आहे, आणि तिथे त्यांनी घेतलेलं उदाहरणही हेच आहे: किंमत बदलली की ऐकणाऱ्यांना कळवायचं, आणि कळवताना लॉक धरलेलं.

आरलॉककडे येतो. त्याने गोठणं कमी झालं आणि काम दोनदा जायला लागलं, हा योगायोग नाही. तुमचं वाटप बहुधा या क्रमाने लिहिलेलं असावं:

    पाठव():
        लॉक घ्या
            काम = प्रतीक्षेतलं पहिलं
            पूल.दे(काम, कॉलबॅक)
            प्रतीक्षेतून पहिलं काढा
        लॉक सोडा

काम फार छोटं असेल तर 'दे' परत येण्याआधीच ते संपलेलं असतं, आणि फ्यूचरवर कॉलबॅक नोंदवायला गेलं की फ्यूचर म्हणतं, 'मी तर झालो,' आणि कॉलबॅक तिथल्या तिथे, नोंदवणाऱ्याच थ्रेडवर चालवतं. कॉलबॅक पुन्हा 'पाठव' बोलावतो. साधं लॉक असतं तर थ्रेड स्वतःशीच अडकला असता. आरलॉक म्हणतं, 'हा तर आपलाच थ्रेड, येऊ दे.' आत आल्यावर प्रतीक्षेतलं पहिलं काम अजून तेच आहे, कारण ते काढण्याची ओळ अजून आलेलीच नाही. ते दुसऱ्यांदा जातं. मग दोन्ही पातळ्या परत येताना प्रत्येकी एकेक काम काढतात, म्हणजे एक काम दोनदा गेलं आणि पुढचं एक न जाताच गळालं. तुमच्या नोंदींत दोनदा गेलेल्या कामाइतकीच न गेलेली कामं आहेत का, तपासून पाहा.

लॉकचं काम नुसतं दुसऱ्या थ्रेडला बाहेर ठेवणं एवढंच नाही. लॉक घेतल्यापासून सोडेपर्यंत आतली अवस्था अर्धवट असू शकते, आणि ती कोणाच्याही नजरेस पडू नये म्हणून लॉक आहे. स्वतःचा थ्रेडही त्यात आला. आरलॉक हा नियम मोडू देतं. कधी ते लागतं, मी ते पूर्ण टाकाऊ मानत नाही. पण गोठणारा कोड आरलॉक घातल्यावर चालायला लागला, तर समजा की लॉक धरून परका कोड बोलावला जातोय, आणि आता तो दिसेनासा झालाय.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. पहिला लहान. लॉकच्या आत फक्त स्वतःच्या नोंदी बदला, काय बोलवायचं ते गोळा करा, लॉक सोडा, मग बोलवा:

    संपलं(काम, उत्तर):
        लॉक घ्या
            काम 'चालू' नसेल तर लॉक सोडून परत जा
            काम.स्थिती = 'संपलं', काम.उत्तर = उत्तर
            बोलवायचे = काम.कॉलबॅक
            काम.कॉलबॅक = रिकामी यादी
        लॉक सोडा
        बोलवायचे मधला प्रत्येक जण, एक्सेप्शन पकडून, बोलवा

'चालू नसेल तर परत जा' ही ओळ वगळू नका. वेळ संपल्यामुळे काम रद्द करणारा थ्रेड आणि काम पूर्ण करणारा थ्रेड एकाच क्षणी येतात, आणि कॉलबॅक एकदाच चालणार ही हमी त्या ओळीवरच उभी आहे. स्थिती तपासणं आणि बदलणं एकाच लॉकखाली झालं पाहिजे.

दुसरा मार्ग मोठा आहे आणि तुमच्यासाठी मी तोच सुचवतो. वाटपाचा एकच मालक थ्रेड ठेवा. कामगार थ्रेड आणि पूलचे कॉलबॅक फक्त 'अमुक काम संपलं, हे उत्तर' अशी चिठ्ठी सिंपलक्यूमध्ये टाकतील आणि लगेच परत जातील. मालक थ्रेड एकेक चिठ्ठी काढेल, नोंदी बदलेल, जनरेटरमधून पुढचं उचलेल, वाटेल. मोजणी, प्रतीक्षेतली कामं, जनरेटर, सगळं एकाच थ्रेडच्या ताब्यात, त्यामुळे त्यांना लॉकच लागत नाही. सुरुवातीची वाटणीही त्यालाच करू द्या, मुख्य थ्रेडला नको. वापरणाऱ्याचे कॉलबॅक मात्र या थ्रेडवर चालवू नका. 'किती झालं' दाखवणारं फंक्शन दोन सेकंद रेंगाळलं तर वाटप दोन सेकंद थांबेल आणि कामगार रिकामे बसतील. त्यांच्यासाठी आणखी एक थ्रेड आणि आणखी एक रांग ठेवा. मग कागदपत्रांत एक सरळ वाक्य लिहिता येतं: तुमचे कॉलबॅक एकाच थ्रेडवर, एकामागून एक चालतील. वापरणाऱ्याच्या डोक्यावरचं केवढं तरी ओझं या वाक्याने उतरतं, कारण त्याच्या मोजणीलाही आता लॉक लागत नाही.

एक लालसा आवरा. काम आधीच संपलेलं असताना कोणी कॉलबॅक नोंदवला तर तो तिथल्या तिथे चालवावासा वाटतो, फ्यूचर करतं तसा. पायथनच्याच असिंकआयओ लायब्ररीचं फ्यूचर तसं करत नाही. काम झालेलं असो वा नसो, ते कॉलबॅक लूपच्या रांगेतच घालतं. ही पद्धत बरी. कधी इथे आणि कधी तिथे चालणारा कॉलबॅक वेगानुसार वागणं बदलतो, आणि तुमची दोनदा गेलेली कामं त्यातूनच आली. शिवाय तिथल्या तिथे चालवण्यात पायरीवर पायरी चढत जाते: संपलं, पुढचं पाठवलं, तेही लगेच संपलं, पुढचं पाठवलं. एकच कामगार असलेल्या अनुक्रमिक बॅकएंडवर हे हमखास होतं, आणि एकातून एक फंक्शन बोलावण्याची पायथनची नेहमीची मर्यादा १००० पातळ्यांची असल्याने काही शे कामांतच रिकर्शनएरर येतो. रांग असली की ही साखळी बनतच नाही.

उठवण्याच्या क्रमाचं काय? माझं मत सांगतो. एका कामाचं उत्तर मागणाऱ्याला उत्तर मिळताच जाऊ द्या, कॉलबॅकसाठी थांबवू नका. नाहीतर कॉलबॅकनेच स्वतःच्या कामाचं उत्तर मागितलं तर तो स्वतःचीच वाट पाहत बसेल. पण 'सगळं संपेपर्यंत थांब' हे मात्र सगळे कॉलबॅक चालून झाल्यावरच परत येऊ द्या. मोजणी छापणाऱ्याने दुसरं वापरायचं. कंडिशनवर (कोणी उठवेपर्यंत थ्रेडला झोपवणाऱ्या सोयीवर) वाट पाहताना अट लूपमध्ये पुन्हा तपासा, कारण उठवणं आणि प्रत्यक्ष उठणं यांच्यामध्ये तिसरा कोणी येऊन अट बदलून जाऊ शकतो.

बंद करण्याचा प्रसंग वेगळा हाताळावा लागतो. कोणीतरी कॉलबॅकमधून 'बंद कर' म्हणणारच: पहिली चूक दिसली की सगळं थांबवायचं, ही अगदी रास्त गरज आहे. 'बंद कर' सगळ्या थ्रेडची वाट पाहत असेल तर कॉलबॅकचा थ्रेड स्वतःचीच वाट पाहायला लागतो. पायथन अशा वेळी रनटाइमएरर देतो, सी प्लस प्लसमध्येही थ्रेडने स्वतःला जॉइन करणं (स्वतःच्या संपण्याची वाट पाहणं) चूक आहे. बोलावणारा थ्रेड आपलाच आहे का ते तपासा, असेल तर फक्त 'बंद व्हायचंय' अशी चिठ्ठी टाका आणि परत जा.

सी प्लस प्लसच्या लायब्ररीत यात आणखी एक धोका असतो. यादीची प्रत काढून, लॉक सोडून कॉलबॅक बोलावताना मधल्या काळात कोणी आपला कॉलबॅक काढून घेतला आणि त्याची वस्तू नष्ट केली, तर तुम्ही मेलेल्या वस्तूला हाक मारताय. सी प्लस प्लस २०मधल्या स्टॉप-कॉलबॅकने हे नीट सोडवलंय. त्याचा डिस्ट्रक्टर (वस्तू नष्ट होताना चालणारं फंक्शन), कॉलबॅक दुसऱ्या थ्रेडवर चालू असेल तर तो संपेपर्यंत थांबतो. त्याच थ्रेडवर, कॉलबॅकच्या आतूनच नष्ट होत असेल तर थांबत नाही. कॉलबॅक काढण्याची सोय देत असाल तर 'काढला' याचा अर्थ हाच ठेवा: हे फंक्शन परत आल्यावर तो पुन्हा चालणार नाही.

खालच्या लायब्ररींचे नियमही वाचून घ्या, अंदाजाने जाऊ नका. एफएफटीडब्ल्यूमध्ये (फूरिये रूपांतराच्या लायब्ररीत) योजना चालवणं थ्रेडसाठी सुरक्षित आहे, योजना बनवणं नाही. कूडाच्या (ग्राफिक्स कार्डवर गणित चालवण्याच्या सोयीच्या) स्ट्रीममध्ये, म्हणजे तिथल्या कामांच्या रांगेत, घातलेल्या होस्ट फंक्शनमधून कूडाची फंक्शनं बोलावता येत नाहीत, म्हणजे 'हे संपलं की कॉलबॅकमधून पुढचं कर्नल (कार्डवर चालणारं फंक्शन) सोड' ही कल्पना तिथे चालत नाही. तिथेही चिठ्ठी टाका आणि दुसऱ्या थ्रेडवरून सोडा. एमपीआयमध्ये (प्रोसेसमध्ये निरोप पाठवण्याच्या मानकात) सुरुवातीलाच थ्रेड वापरण्याच्या चार पातळ्यांपैकी एक मागावी लागते, आणि मागितलेली मिळालीच असं नाही, परत आलेली पातळी तपासावी लागते. आणि थ्रेड चालू असताना फोर्क केलं (प्रोसेसची प्रत काढली) तर त्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने धरलेलं लॉक मुलात, म्हणजे त्या प्रतीत, कायमचं धरलेलं राहतं, कारण ते सोडणारा थ्रेड मुलात नसतोच. पायथन ३.१२पासून याबद्दल इशारा येतो, आणि ३.१४मध्ये लिनक्सवर नव्या प्रोसेस सुरू करण्याची नेहमीची पद्धत फोर्कवरून फोर्कसर्व्हरवर (प्रती काढण्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या प्रोसेसवर) गेली. तुमचा पूल थ्रेड सुरू झाल्यानंतर बनत असेल तर ही पद्धत आजच स्वतः निवडा.

चाचण्यांबद्दल. यंत्र मोकळं असताना रेस सहसा दिसत नाही, तिला जागा करून द्यावी लागते. पायथनमध्ये थ्रेड बदलण्याचा कालावधी मुळात ५ मिलिसेकंद असतो, चाचणीपुरता तो मायक्रोसेकंदावर आणा. सी किंवा सी प्लस प्लसचा भाग असेल तर थ्रेडसॅनिटायझर (रेस शोधणारं साधन) लावा. तो कोड ५ ते १५ पट हळू करतो आणि स्मृती ५ ते १० पट खातो, म्हणून रात्री चालवा, पण चालवा. आणि कॉलबॅक मुद्दाम वाईट लिहा: एक कीएरर फेकणारा, एक स्वतः नवीन काम देणारा, एक दुसऱ्या कामाच्या उत्तराची वाट पाहणारा, एक लायब्ररी बंद करणारा, आणि एक नुसता सेकंदभर झोपणारा. प्रत्येक कॉलबॅक शून्य वेळात संपणाऱ्या कामांवर, आणि एका कामगारावर तसंच आठ कामगारांवर. माझ्या अनुभवात एक कामगार आणि शून्य वेळ ही जोडी आठ कामगारांपेक्षा जास्त चुका पकडते. प्रत्येक चाचणीत फॉल्टहँडलरचा गजर लावा, म्हणजे ठरलेल्या वेळात चाचणी संपली नाही तर सगळ्या थ्रेडचे स्टॅक आपोआप छापले जातील.

तुमच्या कोडवर मी या क्रमाने हात घातला असता. आधी तो गजर. मग पूलच्या कॉलबॅकभोवती एक्सेप्शन पकडणं. मग 'पाठव'मध्ये काम आधी प्रतीक्षेतून काढणं आणि नंतर, लॉक सोडून, देणं. मग जनरेटरचं लॉक वेगळं करणं, किंवा थेट मालक थ्रेड. एवढं झालं की आरलॉक काढून पुन्हा साधं लॉक घाला. लॉक धरून परका कोड बोलावणारी एखादी जागा राहून गेली असेल आणि तो कोड फिरून तुमच्याकडेच येत असेल, तर एका कामगाराच्या चाचणीत थ्रेड तिथेच स्वतःशी अडकेल आणि छापलेल्या स्टॅकमध्ये तेच लॉक दोनदा मागितलेलं दिसेल.